उन्हाचा पहिला पंधरवडा

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की विसेक किलोमीटरवर टेकडीवरचा किल्ला दिसू लागतो आणि त्याच्या पायथ्याशी सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खानदेशभर ओळखलं जातं. तांबटाच्या कामात विस्तवापासून सुटका नसते. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो. मग तो भट्टीत घालून लाल होईपर्यंत तापवायचा, नरम पडला की पुन्हा ठोकायला घ्यायचा. थंडीत धुळ्याचा पारा ६-७ अंशांवर उतरतो, तेव्हा भट्टीजवळची जागा हवीहवीशी वाटते. मे महिन्यात बाहेरच ४३-४४ अंश असतात आणि आत भट्टी पेटलेली. पण या दोन्ही दिवसांत कारागिराच्या शरीराच्या गाभ्याचं तापमान मोजलं, तर ते ३७ अंशांच्या आसपासच भरतं.

हा समतोल मेंदू, नसा आणि हार्मोन मिळून राखतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’ असं नाव दिलं. शरीराच्या आतलं पाणी, मीठ, साखर, उष्णता हे सगळं ठरावीक मर्यादेत ठेवण्याची ही धडपड अहोरात्र चालू असते, पण तिची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यात.

खानदेशात मार्च संपता संपता ‘ऊन लागलं’ हे शब्द रोज कानावर पडू लागतात. आखाजीला माहेरी जाणं, लग्नाच्या तिथी, खरिपासाठी शेत तयार करणं, गच्चीवर बिबड्या-कुरडयांचं वाळवण, सगळं याच दिवसांत येतं. ऊन टाळून चालत नाही. म्हणून शरीर उन्हाला कसं तोंड देतं, त्याला कशाची मदत लागते आणि कुठल्या क्षणी त्याचं काही चालेनासं होतं, हे प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला नीट ठाऊक हवं. त्यातही एक गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवी. शरीराला उन्हाची सवय लागायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि राबणाऱ्या माणसांवर ओढवणारे बरेचसे अनर्थ ही सवय लागण्याच्या आत घडतात.

कातडीची खबर, मेंदूचा हुकूम

उष्णतेची पहिली खबर कातडीतल्या नसांची टोकं देतात. या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता लागली की ते उघडतं आणि मेंदूकडे संदेश धावतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये हे प्रथिन सापडलं, ते मिरचीच्या मदतीने. मिरचीतलं कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य नेमकं याच प्रथिनाला उघडतं. नंदुरबार-दोंडाईचाच्या मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर खाताना कपाळावर घाम येतो, कारण तोंडातल्या नसा मेंदूला ‘भाजलं’ असंच कळवतात आणि मेंदू अंग गार करायला लागतो. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

कातडीकडून येणारी ही खबर आणि खुद्द रक्ताचं तापमान, दोन्हींचा हिशेब मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठेवतो. रक्त थोडं जरी तापलं तरी तो स्वायत्त नसांमार्फत दोन हुकूम सोडतो. पहिला हुकूम कातडीतल्या रक्तवाहिन्यांना: रुंद व्हा. विश्रांतीत कातडीतून मिनिटाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर रक्त फिरतं. कडक उष्णतेत हे प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. एवढं रक्त बाहेरच्या बाजूला वळवायचं तर हृदयाला दुप्पट राबावं लागतं. उन्हात चेहरा लाल होतो, नाडी जलद चालते, ती यामुळे. ज्यांचं हृदय आधीच अशक्त आहे, त्यांनी दुपारी नुसतं उन्हात उभं राहणंही कष्टाचं काम समजावं.

दुसरा हुकूम घामग्रंथींना. माणसाच्या कातडीत अशा २० ते ४० लाख ग्रंथी असतात. हवा कातडीपेक्षा गरम झाली की रक्त कातडीपाशी आणूनही उष्णता बाहेर जात नाही, उलट बाहेरची आत येऊ लागते. तेव्हा एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. साडेसात लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला लागेल, एवढी ही उष्णता आहे. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो.

या यंत्रणेची ताकद किती, ते चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टरने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसलं. लंडनमध्ये १२० अंशांहून जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत तो आणि त्याचे सहकारी काही मिनिटं थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र वीसेक मिनिटांत कडक उकडल्यासारखी झाली आणि मांसाचा तुकडा शिजला. माणसांना वाचवलं ते घामाने, आणि तो घाम झटकन वाळवणाऱ्या कोरड्या हवेने.

खानदेशातल्या एप्रिल-मेची हवा अशीच कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो, त्यामुळे ‘आपल्याला घामच येत नाही’ असा समज होतो. सदऱ्याच्या पाठीवर उमटलेले मिठाचे पांढरे पट्टे पाहिले की अंगातून किती मीठ-पाणी गेलं ते कळतं. कोरड्या हवेत सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला-कानाला गुंडाळलेला ओला रुमाल यांचा मोठा फायदा होतो, कारण ते पाणी वाळताना अंग गार होतं. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, हे मात्र खरं नाही. तो भाकरीबरोबर खुशाल खावा, पण त्याच्या भरवशावर बारा वाजता रस्ता धरू नये.

घाम वाळलाच नाही तर सगळी यंत्रणा अडते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. तिथे पारा चाळिशीच्या आत होता. पण मैदान उघडं होतं, लोक तासन् तास उन्हात बसून होते आणि किनारपट्टीची हवा दमट होती. खानदेशातही मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळवाच्या सरी येऊन गेल्यावर हवा अशीच कोंदट होते. पारा ३८ वर आला म्हणून निर्धास्त राहण्याचे ते दिवस नव्हेत. एरवी छान गारवा देणारा कूलर या दिवसांत खोली आणखी दमट करतो. तेव्हा खिडक्या उघड्या टाकून पंखा लावावा आणि दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी घ्यावं.

पाणी राखणारे दोन हार्मोन

नसांचे हुकूम सेकंदात पोहोचतात. हार्मोनचं काम सावकाश चालतं, पण तासन् तास आणि दिवसेंदिवस टिकतं. उन्हाळ्यात दोन हार्मोनवर मोठी भिस्त असते.

पहिलं व्हॅसोप्रेसिन. घामातून पाणी गेलं की रक्त दाट होतं. हा फरक एक-दोन टक्क्यांचा असला तरी हायपोथॅलॅमसला तो कळतो. तो तहान जागी करतो आणि पियुषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन रक्तात सोडतो. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवी होते ती लिटर-दीड लिटर. व्हॅसोप्रेसिन वाढलं की तीही कमी आणि गडद होते. म्हणून लघवीचा रंग हे घरच्या घरी करता येण्याजोगं सगळ्यात सोपं मोजमाप आहे. फिकट पिवळी असली तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळी, थोडी आणि जळजळ करणारी असली, जिला लोक ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, तर पाणी वाढवावं. जळजळ पाणी वाढवूनही थांबली नाही किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. मग डॉक्टरांना दाखवावं. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

तहान मागून येते, म्हणजे पाणी बरंच कमी झाल्यावर. त्यामुळे उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं. मात्र तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. भरपूर घाम गाळून नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं आणि वेळप्रसंगी झटके येणं हे त्याचे परिणाम असतात.

दारू व्हॅसोप्रेसिनला दाबते. शरीर पाणी धरून ठेवू पाहतं आणि दारू ते लघवीवाटे घालवते. लग्नसराईत भर दुपारच्या वरातीत पिऊन नाचणाऱ्या तरुणांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

शेतात राबणाऱ्या अनेक बायका दिवसभर पाणीच कमी पितात, कारण लघवीला आडोसा नसतो. शरीर मग उरलेलं पाणी जिवापाड धरून ठेवतं. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा यांची शक्यता वाढते. शेतमालकाने बांधावर कापडाचा किंवा पत्र्याचा का होईना आडोसा करून द्यावा. ही सोय पाण्याच्या माठाइतकीच गरजेची आहे.

दुसरं हार्मोन अल्डोस्टेरोन. ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येतं. रक्ताचं आकारमान घटलं की मूत्रपिंडं रेनिन सोडतात आणि एका साखळीतून अखेर अल्डोस्टेरोन वाढतं. ते मूत्रपिंडांकडून सोडियम वाचवून घेतं, आणि घामग्रंथींकडूनही.

शरीर उन्हाला सरावतं कसं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेरोम कॉन हे अमेरिकी डॉक्टर एका प्रश्नाच्या मागे होते: दमट उष्ण प्रदेशात गेलेल्या सैनिकांचं शरीर तिथे कसं रुळतं? त्यांना दिसलं की पहिल्या काही दिवसांत घाम बराच खारट असतो, आणि पुढे घाम वाढला तरी त्यातलं मीठ झपाट्याने कमी होतं. यामागे अधिवृक्क ग्रंथींचं एखादं हार्मोन असावं असा तर्क त्यांनी केला. १९५३ मध्ये अल्डोस्टेरोन वेगळं काढण्यात आलं आणि तो तर्क खरा ठरला. हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की रक्तदाब चढतो. त्या आजाराला आज कॉन यांचंच नाव आहे.

सराव होताना शरीरात तीन बदल घडतात. पहिल्या आठवड्यातच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे त्याच कामाला नाडी पूर्वीइतकी जलद होत नाही. घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो. आणि त्या घामातून मीठ कमी जातं. हे सगळं व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, आणि रोज तासाभराचं तरी कष्टाचं काम उष्णतेत व्हावं लागतं. माणूस दोन-तीन आठवडे गारव्यात राहिला तर हा सराव उतरतो. पुण्या-मुंबईत वातानुकूलित कचेरीत काम करणारा मुलगा सुट्टीत गावी येऊन पहिल्याच दिवशी वडिलांच्या बरोबरीने शेतात उतरतो, तेव्हा त्याचं वय तरुण असलं तरी शरीर उन्हाला नवखंच असतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत नव्या कामगारांचे उष्माघाताने जीव जाऊ लागले, तेव्हा त्यांना हळूहळू सरावण्याची पद्धत गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथे बसवण्यात आली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेचा आजचा अनुभवही तोच आहे: कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी होतात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात.

वीटभट्टी, बांधकाम, रस्त्याचं डांबरीकरण, केळीची तोडणी, तांबटाची भट्टी, काम कुठलंही असो, त्यासाठी एक साधं वेळापत्रक पाळता येतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या किंवा भट्टीपुढच्या कामाचा फक्त पाचवा हिस्सा द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावं. जुना, पण आजारपणाने किंवा सुट्टीने खंड पडलेला कामगार परतला तर पहिल्या दिवशी निम्मं काम, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण. पहिल्या पंधरवड्यात कुणालाही उन्हात एकटं कामाला ठेवू नये. दुपारी बारा ते चार या वेळेतलं काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ढकलावं. मजुराची मजुरी मात्र त्यामुळे कापू नये, नाहीतर तो लपवून राबेल आणि चक्कर आली तरी सांगणार नाही.

माठ, पन्हं आणि ओआरएस

सरावलेल्या माणसाला रोजचं जेवण आणि पाणी यांतून बहुतेक मीठ भरून निघतं. ज्वारी-कळण्याची भाकरी, वरण, भाजी, मीठ घातलेलं ताक, आंबील, कैरीचं पन्हं, लिंबू सरबत हे सगळं उपयोगी आहे. उपाशीपोटी उन्हात निघू नये. उपवासाच्या दिवशी कष्टाचं काम ठेवू नये.

घाम फार गेला, पायांत गोळे येऊ लागले किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर ओआरएस हवं. त्यामागचं तत्त्व आतड्यातलं आहे: तिथल्या पेशी साखर आणि सोडियम जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने देऊन हजारो जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि त्यात २०.५ ग्रॅम पूड असते. ती एका वेळी पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवावी. अर्ध्या पाकिटाचा अंदाज करू नये. केलेलं द्रावण २४ तासांत संपवावं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, विशेषतः लहान मुलांना. दुकानात डब्यांतून मिळणारी गोड पेयं ओआरएस नव्हेत. ठरलेल्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरू नये, असा आदेश देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काढला. पाकिटावरचं सूत्र वाचून घ्यावं.

ज्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायचं

वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते आणि घामही कमी येतो. आजी-आजोबांना ‘पाणी हवं का’ असं विचारलं तर ते नको म्हणतात. त्यांच्या हातात दर तासाला अर्धा पेला द्यावा. पत्र्याच्या छपराखालची खोली दुपारी तापते, तेव्हा त्यांची बैठक खालच्या गार खोलीत किंवा झाडाखाली हलवावी. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं असेल, तर उन्हाळ्यातलं प्रमाण त्यांनाच विचारावं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नये. अंगावर जास्त वेळा पाजावं आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं. मुलांना बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये.

मधुमेह जुना झाला की नसा दुबळ्या होतात. त्यात घामग्रंथींना हुकूम नेणाऱ्या नसाही असतात. पायांना घाम येईनासा होतो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते. साखर जास्त असली तर लघवीवाटे पाणीही जास्त जातं. तापलेल्या जमिनीचा चटका पायाला न कळण्याचा धोका वेगळाच, म्हणून अनवाणी चालू नये. इन्सुलिन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिलं तर निकामी होतं. फ्रिज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात सावलीला ठेवावी.

काही औषधं शरीराच्या या धडपडीच्या आड येतात. रक्तदाबासाठी दिलेली ‘लघवीची गोळी’ पाणी-मीठ बाहेर काढते. बीटा ब्लॉकर हृदयाची गती वाढू देत नाही. काही रक्तदाबाच्या गोळ्या अल्डोस्टेरोनचीच साखळी तोडतात. घामग्रंथींना नसांचा निरोप असेटिलकोलिन या रसायनातून पोहोचतो. ते रसायन अडवणारी कंपवाताची, मनोविकारांवरची आणि सर्दीची काही औषधं घाम कमी करतात. यांतलं कुठलंही औषध परस्पर बंद करू नये. मार्चमध्येच सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात आणि ‘उन्हाळ्यात यात काही बदल करायचा का?’ असं विचारावं.

फवारणीच्या दिवसांत याच असेटिलकोलिनची उलट बाजू दिसते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं त्याचं विघटन होऊ देत नाहीत आणि नसांचा निरोप थांबतच नाही. फवारणी करताना कुणी कोसळला आणि त्याला घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या दिसल्या, तर ते ऊन नसून विषबाधा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक जणांचा जीव गेला. अशा वेळी हातमोजे किंवा पिशवी हाताला गुंडाळून त्याचे कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावं आणि औषधाच्या डब्यासह ताबडतोब दवाखाना गाठावा.

कधी थांबायचं, कधी धावायचं

पोटरीत गोळे आले, तर काम थांबवून सावलीत बसावं, ओआरएस घ्यावं आणि त्या दिवशी पुन्हा जड काम करू नये. बराच वेळ उभं राहून भोवळ आली, तर कातडीत आणि पायांत साचलेलं रक्त मेंदूकडे कमी पोहोचलेलं असतं. आडवं करून पाय उंच ठेवले की माणूस मिनिटभरात सावध होतो. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं होणं, जलद नाडी आणि भरपूर घाम ही शरीर दमल्याची खूण आहे. त्याला गार जागी न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर ओलं कापड फिरवावं, घोटघोट ओआरएस द्यावं. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखान्यात न्यावं.

त्यापुढची पायरी उष्माघाताची. गाभ्याचं तापमान ४० अंशांपुढे जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. थर्मामीटर बगलेत लावून मिळणारा आकडा अशा वेळी फसवतो, म्हणून बोलण्यावर लक्ष ठेवावं. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, याची उत्तरं गडबडली, माणूस बरळू लागला, चिडून अंगावर आला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच समजावा. ‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हा समज जीवघेणा आहे. कष्ट करताना कोसळलेल्याचं अंग घामाने चिंब असू शकतं.

अशा वेळी आधी गार करणं, मग गाडीत घालणं, हा क्रम पाळावा. एकाने १०८ ला फोन लावावा. बाकीच्यांनी त्याला सावलीत न्यावं, कपडे उतरवावेत, डोक्यापासून पायापर्यंत मिळेल ते पाणी ओतत राहावं आणि जोरजोरात वारा घालावा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवावा. कष्ट करताना कोसळलेल्या तरुणाला शेतातल्या हौदात गळ्यापर्यंत बसवणं हा सगळ्यात जलद उपाय आहे. पण दोघांनी त्याचं डोकं पाण्याबाहेर घट्ट धरलेलं असावं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर ठेवावं. पहिला अर्धा तास फार मोलाचा. गाडी आली तरी वाटेत पाणी आणि वारा चालूच ठेवावा.

पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर चढवतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी चढलेली नसते. अंगात साचलेली उष्णता बाहेर टाकणं शरीराच्या हाताबाहेर गेलेलं असतं. तिथे गोळीला करण्यासारखं काही नसतं, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर भार पडतो.

दवाखान्यातून घरी आल्यावरही काम संपत नाही. उष्माघातात स्नायू, यकृत आणि मूत्रपिंडं यांना इजा झालेली असू शकते आणि ती एक-दोन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत दिसते. चहासारखी गडद लघवी झाली तर त्याच दिवशी पुन्हा दाखवावं. निदान आठवडाभर जड काम करू नये, तपासण्या ठीक आल्याशिवाय उन्हात जाऊ नये आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कामाला लागताना पुन्हा पहिल्या दिवसाचं वेळापत्रक धरावं: पाचवा हिस्सा, सोबत एक माणूस आणि हाताशी भरलेला माठ.